छप्पन्न ठिपक्यांचा रणगाडा

माझा भाचा कोल्हापुरातच चित्रकलेचे शिक्षण घेतो. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याने दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश माटिल्डा रणगाड्याचे चित्र संगणकावर रंगवले आणि मोठ्या उत्साहाने मला दाखवायला आणले. चित्र देखणेच होते. बाजूच्या चिलखती पडद्यावर चिखल खाली घसरावा म्हणून ठेवलेल्या तिरप्या वाटा, मनोऱ्यावरचे (रणगाड्याच्या माथ्यावरच्या फिरत्या घुमटावरचे) झाकण, अवजारांची पेटी, उन्हाने पोपडे धरलेला रंग, हे सगळे त्याने जीव ओतून काढले होते. अडचण एवढीच होती की त्याच्या रणगाड्याची लांबी ११२० पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचे ठिपके, होती आणि मी संगणकावरच्या ज्या वॉरगेमसाठी, म्हणजे लढाईच्या खेळासाठी, सैन्याच्या तुकड्यांची चित्रे तयार करतो, त्यात या रणगाड्याच्या वाट्याला अवघे ५६ पिक्सेल येतात. त्याने चित्र वीस पटींनी लहान केले, खेळाच्या नकाशावर ठेवले आणि थोडा वेळ नुसता बघत राहिला. "मामा, हा तर झिजलेला साबण दिसतोय," तो म्हणाला.

त्याचे म्हणणे बरोबर होते आणि असे का झाले हे एकदा समजले की या कामाचा निम्मा भाग समजतो. चित्र वीस पटींनी लहान करताना संगणक आडव्या वीस आणि उभ्या वीस अशा एकूण चारशे ठिपक्यांच्या जागी एकच ठिपका ठेवतो आणि त्याला त्या चारशे रंगांची सरासरी देतो. रंगाच्या सगळ्या वाट्या एकाच भांड्यात ओतल्यावर जो मातकट रंग उरतो, तोच इथे उरतो. भाच्याने घासूनपुसून काढलेला प्रत्येक बारकावा त्या सरासरीत बुडाला होता. म्हणून छोट्या चित्रात कोणते दोन-तीन तपशील राहिले पाहिजेत हे आधी ठरवावे लागते आणि हाताशी असलेले ठिपके फक्त त्यांच्यावरच खर्च करावे लागतात. बाकीचे तपशील माहीत असले तरी सोडून द्यावे लागतात, आणि चांगल्या चित्रकाराला हेच सर्वांत जड जाते.

कोल्हापूरच्या पेंटर मंडळींना याच्या बरोबर उलटे काम चांगले ठाऊक होते. बाबूराव पेंटरांच्या या गावात सिनेमाचे फलक रंगवणारे कलाकार हातातल्या छोट्या छायाचित्रावर चौकटी आखत, तेवढ्याच चौकटी भल्यामोठ्या फलकावर आखत आणि एकेक चौकट मोठी करून उतरवत. त्यांना लहानाचे मोठे करायचे असे, आम्हाला मोठ्याचे लहान करायचे असते. पण दोघांचीही परीक्षा एकच असते. फलक रस्त्याच्या पलीकडून चालत्या माणसाला एका नजरेत कळला पाहिजे, आणि तुकडीचे चित्र नकाशावरच्या शंभर चित्रांच्या गर्दीत खेळाडूला एका नजरेत कळले पाहिजे.

ज्यांनी असे खेळ खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे मागे जाऊन सांगतो. वॉरगेम म्हणजे नकाशावर सैन्याच्या तुकड्या हलवून लढाईचा डाव मांडण्याचा खेळ. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ पितापुत्रांनी तयार केलेला असा खेळ १८२४ पासून अधिकाऱ्यांच्या सरावासाठी वापरला गेला. पुढे अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांनी १९५४ मध्ये पुठ्ठ्याच्या सोंगट्यांचा 'टॅक्टिक्स' हा खेळ विक्रीस आणला आणि हा छंद सामान्य घरांत शिरला. नकाशावर चौकोनांऐवजी षटकोन आखण्याची पद्धत त्यानंतर रुळली, कारण षटकोनाच्या सहाही शेजाऱ्यांचे अंतर सारखेच असते. चौकोनात कोपऱ्यातून तिरपे गेले तर तेच अंतर सुमारे १.४१ पट होते आणि हिशेब बिघडतो. संगणकाने सोंगट्या आणि फाशांची जागा घेतली, षटकोन मात्र तसेच राहिले.

पुठ्ठ्याची सोंगटी साधारण अर्ध्या इंचाची असे. तेवढ्या जागेत चित्र छापणे कठीण, म्हणून सैन्याच्या नकाशांवरची चिन्हे तिथे आली. आयतात फुली असली तर पायदळ, एकच तिरपी रेघ असली तर घोडदळ किंवा टेहळणीचे पथक, लंबगोल असला तर रणगाडे, आणि भरीव ठिपका असला तर तोफखाना. यांतला ठिपका म्हणजे तोफेचा गोळा आणि लंबगोल म्हणजे रणगाड्याचा साखळीपट्टा हे पाहताक्षणी पटते. पायदळाची फुली ही शिपायाच्या छातीवर एकमेकांना छेदणाऱ्या पट्ट्यांवरून आणि घोडदळाची रेघ ही तलवारीच्या एका पट्ट्यावरून आली, असे सांगितले जाते. आयताच्या माथ्यावर दोन उभ्या रेघा असल्या तर ती बटालियन, एक फुली असली तर ब्रिगेड, दोन फुल्या असल्या तर डिव्हिजन. ही लिपी आठवडाभरात शिकता येते आणि अनेक जुने खेळाडू आजही चित्रांपेक्षा तिलाच पसंती देतात.

मग चित्रे कशाला काढायची? याचे उत्तर मला केरेनच्या लढाईने दिले. इरिट्रियातील केरेनच्या डोंगररांगांत १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इटालियन सैन्याविरुद्ध जी झुंज झाली, तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन होती. ब्रिटिशांच्या चौथ्या रॉयल टँक रेजिमेंटचे माटिल्डा रणगाडेही तिथे होते. इटलीच्या बाजूला पूर्व आफ्रिकेत एम ११/३९ जातीचे मोजके मध्यम रणगाडे आणि सीव्ही ३३ जातीच्या दोन माणसांच्या चिलखती गाड्या होत्या. चिन्हांच्या लिपीत या तिन्हींना एकच लंबगोल मिळतो. प्रत्यक्षात मात्र माटिल्डाच्या पुढच्या भागाचे चिलखत ७८ मिलिमीटर जाड होते आणि सीव्ही ३३ ची उंची मोठ्या माणसाच्या छातीपर्यंत पोचत होती. खेळाडूला आकडे न वाचताच यांतले कोण कोणाला भारी आहे हे दिसावे, यासाठी चित्र हवे असते.

आता मापे पाहू. माझ्या खेळात प्रत्येक चित्राला ६० पिक्सेल रुंद आणि ५० पिक्सेल उंच अशी चौकट मिळते. माटिल्डाची प्रत्यक्ष लांबी सुमारे ५.६ मीटर आणि उंची २.५ मीटर होती. एका पिक्सेलला १० सेंटिमीटर असे प्रमाण धरले तर रणगाडा ५६ बाय २५ पिक्सेलचा होतो आणि चौकटीत नीट बसतो. हे प्रमाण एकदा ठरले की सगळ्या चित्रांना तेच लावायचे. एम ११/३९ ची लांबी ४.७ मीटर, म्हणजे ४७ पिक्सेल. सीव्ही ३३ ची लांबी ३.२ मीटरच्या आसपास, म्हणजे ३२ पिक्सेल, आणि उंची जेमतेम १३ पिक्सेल. ही तीन चित्रे शेजारी ठेवली की एक शब्दही न लिहिता लढाईचे पारडे कुठे झुकते ते कळते.

प्रमाण पाळले की काही ठिकाणी पंचाईतही होते. माटिल्डाची तोफ ४० मिलिमीटरची होती. नळीची बाहेरची जाडी धरूनही ती एका पिक्सेलपेक्षा बारीक येते. उद्यमनगरातल्या कारखान्यात ड्रॉइंगवरचे माप अर्ध्या मिलिमीटरने चुकले तर तो भाग भंगारात जातो. इथे मात्र तोफ प्रमाणात काढली तर ती दिसतच नाही, आणि तोफ न दिसणारा रणगाडा खेळाडूला पाण्याचा टँकर वाटतो. म्हणून नळी सरळ एक पिक्सेल जाडीची काढायची आणि तिच्या खालच्या बाजूला सावलीचा एक गडद ठिपका देऊन ती पुढे आलेली आहे असे भासवायचे. दुसरी पंचाईत लष्करी ट्रकची. तीन टनी ट्रक माटिल्डापेक्षा लांब असतो आणि तो प्रमाणात काढला तर चौकटीबाहेर जातो, शिवाय नकाशावर रणगाड्यापेक्षा रुबाबदार दिसतो. मी ट्रक गुपचूप एक दशांशाने लहान करतो. आजवर एकाही खेळाडूने त्याबद्दल तक्रार केलेली नाही, मात्र एम ११/३९ दोन पिक्सेलने लांब झाला तेव्हा ती चूक दाखवणारे दोघे भेटले.

चित्र काढायला बसण्यापूर्वीचा अभ्यास प्रत्यक्ष काढण्यापेक्षा जास्त वेळ घेतो. आकारासाठी मापांचे आराखडे आणि छायाचित्रे मिळतात. रंगासाठी मात्र छायाचित्रावर डोळे झाकून विसंबता येत नाही. त्या काळच्या काही फिल्म तांबड्या प्रकाशाला दाद देत नसत, त्यामुळे तांबडा रंग त्यांच्यात जवळपास काळा उमटे आणि निळा फिकट उमटे. केरेनला लढलेल्या पाचव्या भारतीय डिव्हिजनचे चिन्ह काळ्या पार्श्वभूमीवर तांबडे वर्तुळ असे होते. तशा फिल्मवर ही खूण टिपली तर काळ्यावर काळे असा नुसता डाग उरणार, आणि ज्याला मूळ चिन्ह माहीत नाही तो तिथे काहीच नव्हते असे समजून पुढे जाणार.

रंगीत छायाचित्र मिळाले तरी सावध राहावे लागते. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळी हे गाव नावाप्रमाणेच फौजींचे आहे. तिथल्या एका मित्राच्या घरी त्याच्या आजोबांचे गणवेशातले जुने छायाचित्र भिंतीवर आहे आणि त्यातला गणवेश गर्द हिरवा आहे. मी हरखून टिपण करू लागलो, तेव्हा मित्राने फ्रेम उतरवून मागची बाजू दाखवली. छायाचित्र कृष्णधवल होते आणि स्टुडिओतल्या कलाकाराने ते नंतर हाताने रंगवले होते. कलाकाराने आजोबांचे ओठही गुलाबी केले होते. खाकी हा शब्द मुळात धूळ या अर्थाच्या 'खाक'वरून आलेला आहे आणि आपल्याकडूनच तो जगभरच्या सैन्यांत गेला. पण धुळीला जशा अनेक छटा, तशाच खाकीलाही. नवा, धुतलेला, घामाने भिजलेला आणि उन्हात विटलेला असे एकाच कापडाचे चार रंग होतात. मी त्यातला विटलेला निवडतो, कारण फिकट रंगावर सावली उठून दिसते.

माटिल्डाच्या रंगाची कथा तर छंदी लोकांमध्ये गाजलेली आहे. उत्तर आफ्रिकेत १९४०-४१ मध्ये ब्रिटिश रणगाड्यांवर सरळ कडांचे तिरपे पट्टे रंगवत. ब्रिगेडियर कॉन्टर यांच्या नावाने ती पद्धत ओळखली जाते. तीन रंगांपैकी एक वाळूसारखा फिकट, एक गडद पाटीचा आणि मधला चंदेरी करडा. हा मधला रंग किंचित हिरवट करडा होता, पण वर्षानुवर्षे प्रतिकृती बनवणाऱ्यांनी तो आकाशी निळा रंगवला आणि एकाचे पाहून दुसऱ्याने तोच उचलला. त्यामुळे आज खरा रंग वापरला तर चूक वाटते आणि चुकीचा वापरला तर ओळखीचे वाटते. मी खरा वापरतो. कॉन्टर पट्टे लहान चित्रालाही सोयीचे आहेत, कारण चार-पाच पिक्सेल रुंदीचा सरळ कडेचा पट्टा ५६ पिक्सेलमध्ये स्वच्छ दिसतो. वळणावळणाचे, कडा धूसर केलेले मायावरण (शत्रूच्या नजरेला चकवणारे रंगकाम) मात्र इतक्या लहान आकारात घाण झाल्यासारखे दिसते.

प्रत्यक्ष काम मी नेहमी सावलीपासून सुरू करतो. संपूर्ण रणगाडा एकाच काळ्या रंगात, आत काहीही न काढता, बाहेरच्या कडेनिशी भरायचा आणि ज्याला रणगाड्यांतले काही कळते अशा माणसाला दाखवायचा. त्याने नाव ओळखले तर पुढे जायचे, नाही तर कडा पुन्हा बदलायची. माटिल्डाची चाके चिलखती पडद्याआड झाकलेली असतात, त्यामुळे तिची खालची कड सलग दिसते. एम ११/३९ ची चाके उघडी असतात, त्यामुळे त्याची खालची कड गोलगोल खाचांची होते. ही एकच गोष्ट नीट साधली की आतले रंगकाम निम्मे सोपे होते.

त्यानंतर प्रत्येक रंगाच्या चार पायऱ्या करायच्या: उजेड, मूळ रंग, सावली आणि सर्वांत गडद. प्रकाश डावीकडून वरून येतो असे बहुतेक खेळांत गृहीत धरतात आणि ते सगळ्या चित्रांत सारखे ठेवावे लागते. सावली करताना मूळ रंगात नुसता काळा मिसळला तर चित्र मळकट होते. सावलीला थोडी निळसर आणि उजेडाला थोडी पिवळसर झाक दिली तर तोच रणगाडा उन्हात उभा असल्यासारखा वाटतो. बाहेरची रेघ सगळीकडे काळी ओढू नये. जिथे सावली आहे तिथे ती गडद आणि जिथे ऊन पडते तिथे तपकिरी ठेवली की चित्र नकाशापासून वेगळेही दिसते आणि कापून चिकटवल्यासारखेही वाटत नाही. ज्यांच्या घरात आईने किंवा आजीने आलेखाच्या कागदावर आकृती मांडून कशिदा काढला असेल, त्यांना हे काम परके वाटणार नाही. एकेका घरात एकेक टाका, आणि गोल दिसायला हवे तिथे कोणता टाका अर्धवट रंगाचा घालायचा याचा अंदाज, हे दोन्हीकडे सारखेच आहे.

आता एक अशी चूक सांगतो जी नवख्यांच्या लक्षातच येत नाही. अनेक खेळांत, विशेषतः १९९४ च्या 'पॅन्झर जनरल'च्या वळणाच्या खेळांत, प्रत्येक तुकडीचे एका बाजूला तोंड केलेले एकच चित्र दिलेले असते आणि तुकडी दुसऱ्या दिशेला वळली की खेळ तेच चित्र आरशासारखे उलटे करून दाखवतो. घोडा किंवा ट्रक उलटला तर फारसे बिघडत नाही. एम ११/३९ मध्ये मात्र ३७ मिलिमीटरची मुख्य तोफ मनोऱ्यात नसून पुढच्या भागात उजव्या बाजूला बसवलेली होती, आणि दोन मशीनगनचा छोटा मनोरा डावीकडे सरकवलेला होता. चित्र उलटले की तोफ डावीकडे आणि मनोरा उजवीकडे जातो, म्हणजे जगात कधीच न बनलेला रणगाडा तयार होतो. मनोऱ्यावर क्रमांक लिहिला असेल तर तोही उलटा होतो, आणि हे मात्र कोणाच्याही नजरेस पडते. यावर दोन उपाय आहेत. खेळ परवानगी देत असेल तर दोन्ही बाजूंची स्वतंत्र चित्रे काढायची. देत नसेल तर अक्षरे आणि आकडे टाळायचे आणि उलटले तरी तीच राहणारी वर्तुळ किंवा चौकोन अशी खूणच वापरायची. पाचव्या डिव्हिजनचे तांबडे वर्तुळ या बाबतीत देवासारखे धावून येते.

चित्राच्या पार्श्वभूमीचे प्रकरण वरवर किरकोळ वाटते, पण माझे सर्वांत जास्त दिवस त्यात गेले आहेत. रणगाडा कधी वाळूवर, कधी गवतावर उभा राहणार, म्हणून त्याच्याभोवतीची जागा पारदर्शक असावी लागते. जुन्या खेळांत एका ठिपक्यासाठी आठ बिट, म्हणजे जास्तीत जास्त २५६ रंग असत आणि त्यांतला एखादा रंग 'हा दाखवू नकोस' असे सांगण्यासाठी राखून ठेवत. निसर्गात सहसा न आढळणारा भडक गुलाबी या कामाला बहुधा निवडला जाई. मी पहिल्यांदा पंचवीस-तीस चित्रे त्या गुलाबी पार्श्वभूमीवर केली तेव्हा कडा मऊ दिसाव्यात म्हणून ब्रश थोडा धूसर ठेवला होता. त्यामुळे कडेच्या ठिपक्यांत खाकी आणि गुलाबी यांचे मिश्रण झाले. खेळाने शुद्ध गुलाबी तेवढा लपवला, मिश्रण तसेच ठेवले, आणि नकाशावरची माझी सगळी पलटण रंगपंचमी खेळून आल्यासारखी गुलाबी कडांनी उभी राहिली. प्रत्येक चित्राची कड एकेक ठिपका करून पुसण्यात पुढचे तीन आठवडे गेले. आजच्या पीएनजी फाइलमध्ये प्रत्येक ठिपका किती पारदर्शक आहे हे वेगळे नोंदवता येते, त्यामुळे हा त्रास उरलेला नाही. पण जुन्या खेळासाठी काम करणाऱ्याने ब्रश टणकच ठेवावा. जेपीजी तर इथे वापरूच नये, कारण ती फाइल जागा वाचवण्यासाठी शेजारचे रंग आपल्या मनाने बदलते.

हाच गुलाबी रंग एका वेगळ्या कामासाठीही वापरला जातो. डेव्हिड व्हाइट यांनी २००३ मध्ये सुरू केलेला 'बॅटल फॉर वेस्नॉथ' हा सर्वांसाठी मोफत आणि खुला खेळ आहे. त्यात ७२ बाय ७२ पिक्सेलच्या चौकटी असतात. त्या चित्रांत कपड्याचा जो भाग गुलाबीच्या ठरावीक छटांत काढलेला असतो, तो खेळ चालू असताना ज्याच्या त्याच्या बाजूच्या रंगात बदलतो. एकदाच काढलेला शिपाई त्यामुळे तांबड्या किंवा निळ्या अशा कोणत्याही पक्षात उभा राहू शकतो. शिकू पाहणाऱ्याने मूळ चित्रे उघडून पाहावीत अशी ही उत्तम जागा आहे. कल्पनेतले युद्ध असले तरी ठिपक्यांचे शास्त्र तेच आहे.

माणसे काढणे हे रणगाड्यापेक्षा अवघड. आपल्या प्रमाणात १.७ मीटरचा शिपाई १७ पिक्सेल उंच होतो, डोके दोन-तीन ठिपक्यांचे होते आणि चेहरा असा काही उरतच नाही. मग हा मराठा शिपाई आहे हे दाखवायचे कसे? इटलीच्या मोहिमेसाठी चित्र करताना मी हा प्रश्न बराच काळ उराशी घेऊन बसलो होतो. नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या आणि शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि दोन्ही घटना इटलीतल्या आहेत. त्या पलटणीचे चित्र म्हणजे कोणताही एक खाकी माणूस, हे मनाला पटत नव्हते. शेवटी चेहऱ्याचा नाद सोडला आणि कडेकडे वळलो. त्या काळच्या ब्रिटिश पद्धतीच्या शिरस्त्राणाला पसरट काठ असे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक ठिपका जास्त दिला की तो काठ दिसतो. रायफल ११३ सेंटिमीटरची, म्हणजे ११ ठिपक्यांची तिरपी रेघ. तीन माणसांपैकी एकाच्या हातात ब्रेन मशीनगन द्यायची. तिची गोळ्यांची पेटी खाली नसून वर बसवलेली असते, म्हणून नळीच्या रेघेवर एकच ठिपका चढवला की जाणकाराला ब्रेन ओळखू येते. केरेनच्या खेळात समोरच्या इरिट्रियन अस्कारी, म्हणजे इटलीच्या सैन्यातल्या स्थानिक, शिपायांना उंच लाल टोपी असते आणि कमरेच्या पट्ट्याचा रंग बटालियननुसार बदलतो. तिथे चार ठिपक्यांची टोपी आणि दोन ठिपक्यांचा पट्टा एवढ्यानेच वेगळी पलटण उभी राहते. मराठा पलटणीची ओळख मात्र मी चौकटीच्या कोपऱ्यातल्या चिन्हावर सोपवली आहे. जे १७ ठिपक्यांत मावत नाही ते बळेच कोंबण्यापेक्षा हे बरे.

डोंगरी लढाईत खेचरे नसली तर चित्र पुरे होत नाही. भारतीय सैन्याची ३.७ इंची डोंगरी तोफ सुटी करून आठ खेचरांवर लादता येत असे. खेळात या तुकडीची दोन चित्रे लागतात: एक चालतानाचे आणि एक तोफ जोडून मारा करतानाचे. आठ खेचरे ६० पिक्सेलमध्ये मावत नाहीत, म्हणून दोन काढतो. खेचर पहिल्यांदा काढले तेव्हा सगळ्यांनी त्याला घोडा म्हटले. त्याचे पाय आखूड करून पाहिले, मान खाली करून पाहिली, काही उपयोग झाला नाही. मग कान दोन ठिपक्यांनी वाढवले आणि घोड्याचे खेचर झाले.

चित्रे तयार झाल्यावर ती एका मोठ्या तक्त्यावर ओळीने मांडतात आणि कोणत्या तुकडीला कितवे चित्र लावायचे हे वेगळ्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहितात. हा तक्ता आजच्या हिशेबाने अगदीच हलका असतो: ६० बाय ५० म्हणजे ३००० ठिपके, आणि २५६ रंगांत एका ठिपक्याला एक बाइट धरला तर चारशे चित्रे बारा लाख बाइटमध्ये, म्हणजे जुन्या १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीत बसतात. लक्षात एवढेच ठेवायचे की संगणक बहुधा शून्यापासून मोजतो. मी एकदा पहिल्या चित्राला एक क्रमांक दिला आणि सगळे एक घर पुढे सरकले. खेळ सुरू केला तर इटालियन सेनापतीच्या मुख्यालयाच्या जागी माझी दोन खेचरे शांतपणे उभी होती.

शेवटची पायरी म्हणजे नकाशावर ठेवून पाहणे. वाळू, गवत, डोंगर आणि रात्र अशा चार पार्श्वभूमींवर प्रत्येक चित्र ठेवायचे, मग सगळा पडदा कृष्णधवल करून पाहायचे. रंग काढून घेतल्यावरही दोन तुकड्या वेगळ्या ओळखू आल्या तरच चित्र उत्तीर्ण झाले असे समजावे, कारण लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे खेळाडूही असतात. चित्र मोठे करून दाखवायचे असेल तर पूर्ण दोन किंवा तीन पटींनीच करावे. दीड पट केले की काही ठिपके एकाचे दोन होतात, काही एकच राहतात, आणि सरळ तोफ वाकडी दिसते. दुसऱ्याने केलेली चित्रे आधाराला घ्यायची असतील तर त्याला विचारून घ्यावीत आणि श्रेय द्यावे, एवढी रीत या छंदात बहुतेक सगळे पाळतात.

भाच्याने ते मोठे चित्र बाजूला ठेवले आणि ५६ ठिपक्यांच्या कोऱ्या चौकटीत माटिल्डा पुन्हा काढायला घेतली. चिखलाच्या वाटा गेल्या, पेटी गेली, झाकणाचा एक ठिपका राहिला. सलग खालची कड, मधोमध छोटा मनोरा आणि तिरपे पट्टे एवढेच त्याने ठेवले, आणि तिसऱ्या संध्याकाळी ते चित्र नकाशावर ठेवले तेव्हा शेजारच्या खोलीतून आलेल्या त्याच्या मित्राने दारातूनच रणगाड्याचे नाव सांगितले. मी चित्र तक्त्यात घालायला निघालो तर त्याने मला थांबवले. उलटे केल्यावर पट्टे विरुद्ध बाजूला तिरपे होतात, हे त्याच्या लक्षात आले होते. आता त्याला दुसरी बाजू वेगळी काढायची आहे, आणि आम्हाला मिळालेल्या सगळ्या छायाचित्रांत रणगाडा डावीकडेच तोंड करून उभा आहे.